फोटोला वजन नसते

दुकानात गिऱ्हाईक आले, की ते भांडे आधी हातात घेते आणि मग पाहते. त्यातून बायका तर नक्कीच. कळशी उचलायची, तळहातावर जोखायची, नखाने एक टिचकी मारून आवाज ऐकायचा, काठावरून बोट फिरवायचे आणि मग, जणू आपल्याला घ्यायचीच नाही अशा सुरात विचारायचे, ‘‘काय हो, किलोचा काय भाव?’’ १९८६ साली लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हापासून हे पाहते आहे. आमचे दुकान पुण्यात, रविवार पेठेत. तांब्या-पितळेच्या भांड्यांचे. रुंदीला जेमतेम नऊ फूट, पण आत खोल. गिऱ्हाइकाने हात लावल्याशिवाय वस्तू विकली जाते, ही गोष्ट आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

मार्च २०२० मध्ये शटर खाली आले आणि गिऱ्हाइकाचा हातच नाहीसा झाला. टाळेबंदी उठल्यावरही कितीतरी दिवस लोक पायरीवरूनच बोलत. भांड्याला हात लावायला नको, आम्ही दिलेले सुटे पैसेही नकोत. लग्ने पन्नास माणसांत व्हायला लागली, तिथे रुखवत कोण मांडणार आणि हंडे-कळशा कोण घेणार? आमचे हे संध्याकाळी गल्ला मोजायला बसत आणि लगेच उठत. मोजण्यासारखे काही नसे.

अशातच एक दिवस जेवताना सूनबाई म्हणाली, ‘‘बाबा, आपलं दुकान इन्स्टाग्रामवर टाकू या.’’

‘‘दुकान पेठेत आहे,’’ हे म्हणाले. ‘‘ते आणखी कुठं टाकायचं?’’

मग तिने समजावून सांगितले. फोटो टाकायचे, लोक पाहतात, आवडले तर फॉलो करतात, फॉलोअर वाढले की गिऱ्हाईक वाढते. यांनी भाताचा घास तसाच हातात धरून सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘फॉलोअर म्हणजे अनुयायी ना? अनुयायी महाराजांना असतात. भांडेवाल्याला गिऱ्हाईक असतं.’’ पण नको मात्र म्हणाले नाहीत. नाही म्हणण्याची ऐपत त्या वर्षी कोणाही दुकानदाराला नव्हती.

फोटो काढायचे काम माझ्याकडे आले, ते माझ्या जुन्या कीर्तीमुळे. माहेरी आमच्याकडे आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो, तेही चौकोनी. वडील एकेक फोटो असा जपून काढत, की समोरची माणसे हसून हसून दमत आणि नेमकी गंभीर झाली की खटका दाबला जाई. तो कॅमेरा पुढे माझ्याकडे आला. सहलीचे, बारशाचे फोटो मी काढत असे. तेवढ्यावर सूनबाईने मला दुकानाची छायाचित्रकार नेमले. इन्स्टाग्राम २०१० साली निघाले तेव्हा तिथेही म्हणे फक्त चौकोनीच फोटो चालत. २०१५ नंतर आडवे-उभे चालू लागले. हे ऐकून मला उगीचच आपली जुनी ओळख निघाल्यासारखे वाटले.

पहिला फोटो तांब्याच्या हंड्याचा. हंडा दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवला, ट्यूबलाइट लावली, फोनचा फ्लॅश चालू केला आणि काढला. फोटोत हंडा सोडून सगळे आले होते. मधोमध फ्लॅशचा पांढरा फटका, वर छताचा पंखा, एका बाजूला खिडकीचे गज, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि या सगळ्याच्या मध्यभागी, पोट सुटलेल्या बाईसारखी पसरलेली मी. सूनबाई हसून हसून खाली बसली.

तीन-चार दिवस अशीच फजिती झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. लाकडाचा पाट घ्या, मातीचे मडके घ्या, फोटोत ते स्वतः दिसते. घासलेले तांबे स्वतः दिसत नाही, ते आजूबाजूचे दाखवते. म्हणजे भांड्यावर उजेड पाडून उपयोग नाही, भांड्याच्या भोवतालच्या जगाला नीटनेटके करायला हवे. स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला आहे, तिथे ऊन थेट येत नाही. सकाळी नऊच्या सुमारास तिथला उजेड मऊ असतो. त्या खिडकीला यांचे जुने धोतर टाचून लावले. धोतरातून गाळून आलेला उजेड हंड्यावर पडला आणि पांढरा फटका जाऊन त्याच्या अंगावर एक लांब, शांत तकाकी उमटली. समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा केला, तेव्हा अंधारातली बाजूही उजळली. मग सगळेच इतके पांढरे झाले, की हंड्याचा काठ कुठे संपतो ते कळेना. त्यावर उपाय सूनबाईला सापडला. दोन्ही कडांना काळ्या कार्डबोर्डच्या पट्ट्या उभ्या केल्या. त्यांची काळी रेघ भांड्याच्या काठावर उमटते आणि आकार उठून दिसतो. या सगळ्याला खर्च म्हणाल तर थर्माकोल आणि कार्डबोर्ड मिळून शंभर रुपयेसुद्धा नाही.

ट्यूबलाइट आणि पिवळा दिवा दोन्ही बंद ठेवायचे हेही शिकले. खिडकीचा उजेड एका रंगाचा, दिव्याचा दुसऱ्या रंगाचा. डोळा ते जुळवून घेतो, फोन घेत नाही. शिवाय सगळा फोटो तांब्याने भरला, की फोनला वाटते खोलीतच लाल-पिवळा उजेड आहे आणि तो आपल्या अकलेने त्यात निळा रंग घालतो. बिचारे तांबे आजारी दिसायला लागते. म्हणून भांड्याच्या मागे-खाली करड्या रंगाचा कागद जास्त दिसेल असे पाहायचे. फोन अगदी जवळ नेला, तर पोट फुगते आणि तळ बारीक होतो. त्यापेक्षा चार पावले मागे जाऊन दुप्पट मोठे करून घ्यावे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे फोनची काच पुसावी. पंधरा दिवस माझे फोटो धूसर येत होते, ते कशामुळे म्हणाल? कणकेच्या हातामुळे!

एक गंमत सांगते. मी लाल काठाची हिरवी साडी नेसून फोटो काढायला उभी राहिले, की कळशीच्या पोटावर हिरवी छटा येई. म्हणून फोटोच्या वेळी मी अंगाभोवती पांढरी चादर लपेटून घेऊ लागले. पहिल्याच दिवशी हे आंघोळ करून बाहेर आले, मला पाहून जागच्या जागी थबकले आणि म्हणाले, ‘‘अगं, मी आहे अजून!’’

वस्तूंचे फोटो काढण्याचे हे खूळ आजकालचे आहे, असे मला वाटे. तसे नाही. फॉक्स टॅल्बट नावाचे इंग्रज गृहस्थ, छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. १८४४ पासून त्यांनी छायाचित्रांचे पुस्तक भागाभागांनी काढायला सुरुवात केली. त्यात फळीवर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचे एक छायाचित्र आहे. म्हणजे फोटोकला जन्माला आली आणि लगेच भांड्यांसमोर जाऊन उभी राहिली! घरातल्या मौल्यवान वस्तूंची यादी लिहून काढण्यापेक्षा असा फोटो घेणे सोपे, आणि उद्या चोरी झालीच तर तो न्यायालयात पुरावा म्हणून दाखवता येईल, असे टॅल्बटसाहेबांनी तेव्हाच लिहून ठेवले आहे. भांडे जागेवर ठेवून फक्त फोटो चोरून नेणारा चोर मात्र त्यांच्या ध्यानात आला नव्हता. तो आम्हाला भेटला. आमचा हाताने ठोकलेल्या कळशीचा फोटो एकाने जसाच्या तसा उचलला आणि त्याखाली यंत्रावर दाबून काढलेल्या कळशा विकायला ठेवल्या. सूनबाईने तक्रार केली, फोटो उतरला आणि आठ दिवसांनी दुसऱ्या नावाने पुन्हा चढला. त्यानंतर तिने नाद सोडला.

सुरुवातीला आमचे चाळीस अनुयायी होते, त्यातले पंचवीस नातेवाईक. फोटो सुधारले तसे आकडे वाढू लागले. पुढे शंभर, पाचशे, हजार. इन्स्टाग्रामवर छोटी चलचित्रेही टाकता येत होती. चिंच-मीठ लावून काळा पडलेला तांब्या घासताना सूनबाईने माझ्या हातांचे चित्रण केले. मी गेली पस्तीस वर्षे जे करते आहे, ते एका रात्रीत हजारो लोकांनी पाहिले. आता यात पाहण्यासारखे काय आहे? सकाळी धुणीभांडी करणाऱ्या बाईंना मी हे दाखवले, तर त्या म्हणाल्या, ‘‘मग माझं काढा की, मी दहा घरं करते!’’ लोकांनी पाहिले खूप, पण त्या आठवड्यात तांबे एक किलोही गेले नाही. यांना ते लगेच कळले. त्यांनी विचारले नाही, फक्त वही उघडून ठेवली.

आणि मग घंगाळाचे प्रकरण घडले.

पितळेचे एक छोटे घंगाळ होते. हल्ली लोक त्यात पाणी घालून फुले सोडतात, तसले. मी त्याचा फोटो अगदी जवळून, खालच्या बाजूने काढला. मागे नुसता कागद, शेजारी काही नाही. फोटो असा उतरला, की घंगाळ राजवाड्यातले वाटावे. दोन्ही कड्या काय, काठ काय! मी स्वतःवर खूश. नागपूरच्या एका आजींनी ते मागवले. नातवाला न्हाऊ घालण्यासाठी. खाली इंच लिहिले होते, पण इंच कोण वाचतो? घंगाळ पोचल्यावर त्यांचा फोन आला. रागावल्या नव्हत्या, त्याचेच जास्त वाईट वाटले. म्हणाल्या, ‘‘अहो ताई, यात तर बाळाचे पायसुद्धा बुडायचे नाहीत हो. मी सगळ्यांना फोटो दाखवून ठेवला होता.’’

यांनी जाण्या-येण्याचा खर्च आपण सोसून ते परत मागवले आणि मोठे घंगाळ पाठवले. त्या व्यवहारात पदरचे गेले. मला ते काही बोलले नाहीत. रात्री मात्र म्हणाले, ‘‘दुकानात खोटं बोलायचं म्हटलं तरी बोलता येत नाही, काटा समोर असतो. फोटोला वजन नसतं. हीच त्याची भानगड आहे.’’

मला झोप आली नाही. मी खोटे बोलले नव्हते, पण ते चित्र बोलले होते आणि ते मीच काढले होते. इंच लिहिले म्हणून मी सुटत नव्हते. ज्या कोनातून घंगाळ मोठे दिसते तो कोन मी शोधून काढला होता आणि सापडल्यावर मला आनंद झाला होता, हे तर मला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक भांड्याचे दोन फोटो काढायचे ठरले. एक देखणा. दुसऱ्यात भांडे सरळ इलेक्ट्रॉनिक काट्यावर, वजनाचे आकडे दिसतील असे, आणि शेजारी एक लिंबू. लिंबू का, तर ते सगळ्यांच्या घरात असते आणि त्याचा आकार हाताला माहीत असतो. सूनबाई म्हणाली, ‘‘आई, या फोटोला कोणी बदाम देणार नाही.’’ खरेच मिळत नाहीत. पण फोन येतात ते या फोटोवरून. ‘दोन किलो तीनशे म्हणजे जाड दिसतंय, तळाला पत्रा किती आहे?’ असे विचारणारी बाई भांडे घेणारी असते, हे तीस वर्षांच्या अनुभवाने मला लगेच कळते.

माल आमच्याकडे येतो त्यातला हातघडणीचा भाग कसब्यातल्या तांबट आळीतून. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. अजूनही तिथे थोड्या घरांतून ठोक्यांचा आवाज येतो. घडवलेल्या भांड्यावर गुळगुळीत हातोडीने ओळीने ठोके मारत जायचे, त्याला मठारकाम म्हणतात. त्याने पत्रा घट्ट होतो आणि अंगावर खवल्यांसारखी नक्षी उठते. समोरून फ्लॅश मारला तर ही नक्षी सपाट होऊन जाते. उजेड एका बाजूने, तिरका आला, तरच एकेक ठोका वेगळा दिसतो. आमचे तांबटकाका सत्तरीचे. त्यांचा मुलगा मोटारसायकलवरून लोकांची पार्सले पोचवतो. आमच्याही काही कळशा तोच नेत असेल, कोणास ठाऊक.

काकांच्या हातांचा फोटो काढायला मी आळीत गेले, तर त्यांनी हात मांडीखाली घेतले. ‘‘वहिनी, भांड्याचा काढा. हातात काय आहे? नखं काळी आहेत.’’ मी म्हटले, बरे, भांड्याचाच काढते. दाराशी तिरपा उजेड होता. काढलेला फोटो मोठा करून त्यांना दाखवला. काका बराच वेळ पाहत राहिले. मग एका जागी बोट ठेवून म्हणाले, ‘‘हा ठोका चुकला आहे.’’ मला काहीच दिसले नाही. ‘‘हा जरा खाली गेला. मला चष्म्यातून दिसला नव्हता. हा फोटो घालू नका.’’ मी तोच घातला, आणि काकांनी काय सांगितले तेही खाली लिहिले. पुढच्या चार महिन्यांत आळीतून आम्ही जेवढ्या कळशा आणल्या, तेवढ्या त्याआधी वर्षात आणल्या नव्हत्या. काका मात्र माझ्यावर नाराज होते ते होतेच. चुकलेले काम जगाला दाखवले, हे त्यांना पटलेले नाही.

याहून कठीण गोष्ट पुढे आहे.

आमच्याकडे मोडीत भांडी येतात. घर लहान झाले, आई-वडील गेले, अडचण आली, अशा नाना कारणांनी लोक जुनी भांडी वजनावर देऊन जातात. पूर्वी भांड्यावर नाव घालायची पद्धत होती. कोणी, कोणाला, कशानिमित्त आणि तारीख. २०२३ च्या पावसाळ्यात एक पितळी परात आली. तिच्यावर डोहाळजेवणाचा उल्लेख, एका बाईचे नाव आणि १९५८ साल, सुबक अक्षरांत कोरलेले. सूनबाईला ती फार आवडली. खिडकीशी नेऊन तिने तिचा फोटो काढला. मी शिकवले होते तसा, तिरप्या उजेडात. अक्षरे अशी उठून आली, की हाताला लागावीत.

तेवढा कुठलाच फोटो लोकांनी पाहिला नव्हता. दोन दिवसांत हजारो नवे अनुयायी आले. लोक आपापल्या आज्यांच्या पराती, तांबे, डबे आठवून आठवून लिहीत होते. मी ते वाचून डोळे पुसत होते. यांना काही ठाऊक नव्हते. ते इन्स्टाग्राम पाहतच नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी ती परात विकून गेलेली बाई आली. पन्नाशीची असेल. पायरी चढली नाही. यांना म्हणाली, ‘‘माझ्या सासूबाईंचं नाव आहे त्याच्यावर. आमच्या सोसायटीत सगळ्यांना कळलं. काल एकीने विचारलं, काही अडचण आहे का म्हणून.’’ आणि मग थोडे थांबून म्हणाली, ‘‘परात विकली होती हो मी. नाव नव्हतं विकलं.’’

हे खाली उतरले. त्यांनी त्या बाईंना हात जोडले. घेतल्या भावाने परात परत न्या म्हणाले. तिने मान हलवली. पैसे बहुधा उरले नसावेत. ‘‘नाव तेवढं घालवून टाका,’’ एवढे म्हणून ती गेली.

फोटो सूनबाईने त्याच क्षणी काढून टाकला. तोवर तो कुठे कुठे पोचला होता, याचा पत्ता नव्हता. परात घेऊन हे स्वतः तांबटकाकांकडे गेले. काकांनी नावाच्या जागेवर घासून, मग मठारून, अक्षरे जिरवली. मजुरी घेतली नाही. सूनबाई दोन दिवस फोनला शिवली नाही. मलाही तिला काय सांगावे ते सुचेना, कारण तो फोटो पाहून मीच तिची पाठ थोपटली होती. तिच्या अनुयायांपैकी काहींनी विचारले, की ती परात कुठे गेली? तिने उत्तर दिले नाही.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी स्वयंपाकघरात आवाज झाला म्हणून गेले, तर हे ओट्यापाशी उभे. सासऱ्यांच्या वेळचा पितळी तराजू त्यांनी माळ्यावरून काढला होता. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून तो कापडात गुंडाळून ठेवलेला. चिंच लावून त्यांनी दोन्ही पारडी घासली, धुतली, आणि मग खिडकीपाशी टेबलावर स्वतःच्या हाताने मांडली. धोतरही टाचून झाले होते, जरा वाकडे. सूनबाईला हाक मारून म्हणाले, ‘‘याचा काढ. यावर कोणाचं नाव नाही.’’

तिने फोन आणला. काच पुसली. चार पावले मागे गेली. मग म्हणाली, ‘‘बाबा, थोडं बाजूला व्हा ना, पारड्यात तुम्ही दिसताय.’’

हे बाजूला होऊ लागले. मी म्हटले, ‘‘राहू दे गं, दिसू देत.’’